रकाना नसतानाचा सॅकबहाद्दर : डीकन जोन्सची सुरुवातीची वर्षे

डीकन जोन्स १९६१ ते १९७४ अशी चौदा वर्षे एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, खेळला. १९८० मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली. आणि लीगच्या अधिकृत विक्रमपुस्तकात त्याच्या नावावर एकही सॅक नाही! ज्या कामामुळे तो आजही आठवला जातो, त्या कामाचा रकानाच त्याच्या काळात नव्हता.

चेंडू फेकायच्या बेतात असलेल्या क्वार्टरबॅकला, म्हणजे आक्रमणाच्या सूत्रधाराला, जिथून डाव सुरू झाला त्या रेषेच्या मागेच पाडणे म्हणजे सॅक. क्वार्टरबॅक जिथे पडला तिथूनच पुढचा डाव सुरू होतो, म्हणजे संधी तर जातेच, वर पाच-सात यार्डही जातात. क्वार्टरबॅक किती वेळा असा पडला, याची नोंद लीग १९६१ पासून ठेवू लागली. पाडला कोणी, हे मात्र लिहिले जात नसे. क्रिकेटच्या धावफलकावर फलंदाजापुढे ‘त्रिफळाचीत’ लिहावे आणि गोलंदाजाचे नाव गाळावे, तसा हा प्रकार. बचावपटूच्या नावावर सॅक मांडायला सुरुवात झाली ती १९८२ साली, जोन्स निवृत्त होऊन आठ वर्षे उलटल्यावर.

त्यामुळे त्याची पहिली वर्षे आकड्यांवरून नव्हे, परिस्थितीवरून समजून घ्यावी लागतात.

डेव्हिड (पुढे डीकन) जोन्सचा जन्म ९ डिसेंबर १९३८ चा, फ्लोरिडातल्या ईटनव्हिलचा. ऑर्लँडोच्या उत्तरेला असलेले हे छोटे गाव १८८७ मध्ये कृष्णवर्णीयांनी स्वतःची नगरपालिका स्थापून वसवले. अशा पहिल्या काही गावांत त्याची गणना होते. गावात कारभार आपला, पण वेस ओलांडली की वर्णभेदाचे कायदे. जोन्सच्या चार खोल्यांच्या घरात दहा माणसे राहत. चर्चमधून बाहेर पडणाऱ्या एका वृद्धेवर गाडीतून जाणाऱ्या गोऱ्या पोरांनी कलिंगड फेकून मारले आणि काही दिवसांनी ती दगावली, हा लहानपणी डोळ्यांदेखत घडलेला प्रसंग तो मोठेपणी सांगत असे. हंगरफर्ड हायस्कूलमध्ये तो फुटबॉल, बास्केटबॉल आणि बेसबॉल असे तिन्ही खेळ खेळला. गोऱ्यांच्या मोठ्या विद्यापीठांचे दरवाजे दक्षिणेत बंदच होते, म्हणून पुढची वाट कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांतूनच जाणार होती.

ती वाटही सरळ गेली नाही. साउथ कॅरोलिना स्टेटमध्ये १९५८ चा हंगाम खेळल्यावर नागरी हक्कांच्या आंदोलनात भाग घेतला म्हणून त्याची शिष्यवृत्ती काढून घेण्यात आली. १९५९ चे वर्ष रिकामे गेले. तिथला एक सहायक प्रशिक्षक मिसिसिपी व्होकेशनल कॉलेजात चालला होता. त्याने जोन्ससह काही खेळाडूंना तिथली शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणून सांगितले. हे कॉलेज म्हणजे आजचे मिसिसिपी व्हॅली स्टेट. १९६० चा हंगाम जोन्स तिथे खेळला. बाहेरगावी सामना असला की मोटेलवाले खोली देत नसत, मग संघ यजमानांच्या व्यायामशाळेत खाटा टाकून झोपे. म्हणजे व्यावसायिक संघाला दाखवायला त्याच्याकडे काय होते? दोन तुटक हंगाम, तेही वर्तमानपत्रांचे फारसे लक्ष नसलेल्या मैदानांवर.

लॉस एंजेलिस रॅम्सच्या नजरेत तो कसा आला, हे समजायला रॅम्सचा थोडा इतिहास लागतो. १९४६ मध्ये हा संघ क्लीव्हलँडहून लॉस एंजेलिसला आला. त्याला कोलिझियम हे सार्वजनिक मैदान हवे होते. करदात्यांच्या पैशाच्या मैदानावर फक्त गोऱ्यांचा संघ चालणार नाही, असा आग्रह तिथल्या कृष्णवर्णीय पत्रकारांनी धरला, आणि रॅम्सने केनी वॉशिंग्टन व वुडी स्ट्रोड यांना घेतले. १९४९ मध्ये ग्रॅम्बलिंगचा टँक यंगर रॅम्समध्ये आला. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयातून एनएफएलमध्ये गेलेला तो पहिला खेळाडू. एडी कोटलसारखा पूर्णवेळ स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारा माणूस, गावोगाव पाठवण्याची पद्धतही याच संघाने लवकर सुरू केली. म्हणजे १९६० पर्यंत अशा कॉलेजांच्या फिल्म मागवून पाहणे रॅम्सच्या अंगवळणी पडले होते. इतर बऱ्याच संघांचे तसे नव्हते.

फिल्म लावली होती ती दुसऱ्याच एका रनिंग बॅकसाठी. पडद्यावर दिसला तो चेंडू घेऊन पळणाऱ्यांना मागून गाठणारा बचाव फळीतला एक धिप्पाड गडी. सहा फूट पाच इंच उंची आणि पावणेतीनशे पौंडांच्या घरातले, म्हणजे साधारण १२३ किलो वजन, आणि तरीही हा वेग. १९६१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या पाळीपाळीने होणाऱ्या निवडीत, १४ संघांनी २० फेऱ्यांत २८० खेळाडू निवडले. जोन्स १४ व्या फेरीत, १८६ वा. आजचा ड्राफ्ट सातव्या फेरीतच संपतो, हे लक्षात घेतले की त्या क्रमांकाची किंमत कळते.

लॉस एंजेलिसला पोहोचल्यावर त्याने नाव बदलले. फोनच्या डिरेक्टरीत डेव्हिड जोन्स ढिगाने होते, लक्षात कोण ठेवणार? म्हणून ‘डीकन’, म्हणजे चर्चमधला सेवेकरी. मैदानावरच्या त्याच्या वागण्याशी या शब्दाचा काडीचा संबंध नव्हता, आणि बहुधा त्यामुळेच तो चिकटला.

संघाची अवस्था मात्र वाईट होती. १९६१ मध्ये ४ विजय, १० पराभव. १९६२ मध्ये १ विजय, १२ पराभव, १ बरोबरी. याचा सॅकशी थेट संबंध आहे. समोरचा संघ आघाडीवर असला की तो चेंडू फेकण्याचा धोका घेत नाही, पळवत नेऊन घड्याळ संपवतो. क्वार्टरबॅक फेकायला मागे सरलाच नाही, तर त्याला पाडणार कसा? हरणाऱ्या संघातल्या पास-रशरला, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्या बचावपटूला, संधीच कमी मिळते.

शिवाय जोन्सची जागा. तो डावीकडचा डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचाव फळीच्या डाव्या टोकाचा खेळाडू. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक मागे सरताना अंग वळवतो आणि त्याची पाठ त्याच्याच डाव्या बाजूला होते. त्या आंधळ्या बाजूने येतो तो बचावाचा उजवा एंड. डावा एंड क्वार्टरबॅकच्या डोळ्यांसमोरून येतो, म्हणजे चेंडू वेळेत सोडून द्यायची संधी त्याला मिळते. त्यातच आक्रमणाचा टाइट एंड बहुतेक वेळा उजवीकडे उभा राहतो, त्यामुळे डाव्या एंडला टॅकल (आक्रमण फळीच्या कडेचा अडवणारा) आणि त्याच्या बाजूचा टाइट एंड अशा दोघांशी झुंजावे लागते. जोन्सचे आकडे वाचताना ही गोष्ट सहसा विसरली जाते.

वेगवान एंडची एक ठरलेली चूक असते. बाहेरून वळसा घेताना तो क्वार्टरबॅकच्याही मागे जातो. क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे सरकतो आणि एंड रिकाम्या जागेत धावत राहतो. यावर उपाय म्हणजे टॅकलला पहिल्याच पावलात मागे टाकणे, म्हणजे वळसा छोटा होतो. जोन्सने त्यासाठी वापरला तो कुप्रसिद्ध ‘हेड स्लॅप’.

चाल दिसायला रांगडी, पण हिशेबी होती. चेंडू हलताच तळहात समोरच्या टॅकलच्या शिरस्त्राणावर, कानाच्या बाजूला, जोरात हाणायचा. डोक्यावर फटका बसला की माणूस डोळे मिटतो, ते त्याच्या हातात नसते. तेवढ्या क्षणात जोन्स एक पाऊल पुढे गेलेला असे. तेव्हाच्या नियमानुसार अडवणाऱ्याला हात छातीशी धरून ठेवावे लागत, लांब करून ढकलता येत नसे. म्हणून फटका अडवायलाही हात मोकळा नव्हता. चाल फसण्याची जागाही होती. हात उशिरा उठला, तर टॅकल खाली वाकून उघड्या पडलेल्या बरगडीत खांदा घालतो आणि एंडला रेषेबाहेर नेऊन सोडतो. ही चाल आपली नसून संघातला सहकारी रोझी ग्रिअरची आहे, असे जोन्स स्वतःच सांगे. मेंदूच्या दुखापतींबद्दल आज जे माहीत आहे ते पाहता या चालीचे कौतुक करताना हात आखडावा लागतो. लीगने १९७७ मध्ये तिच्यावर बंदी घातली, आणि १९७८ मध्ये अडवणाऱ्यांना हात लांब करून तळवे उघडे ठेवण्याची मुभा दिली. या दोन बदलांनी पास-रशचे तंत्रच पालटले.

ग्रिअर १९६३ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून रॅम्समध्ये आला. त्याआधी १९६२ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर मर्लिन ओल्सन आला होता आणि लमार लंडी १९५७ पासूनच होता. डावीकडून जोन्स, ओल्सन, ग्रिअर, लंडी : हीच ती ‘फिअरसम फोरसम’. हे नाव त्याआधी इतर संघांच्या फळ्यांनाही लावले गेले होते, टिकले ते या चौघांचे.

जोन्स आणि ओल्सन शेजारी-शेजारी उभे राहत, आणि खरे नुकसान ही डावी जोडी करी. त्यांची स्टंटची, म्हणजे वाटा अदलाबदल करण्याची, चाल अशी : ओल्सन सरळ न जाता तिरका बाहेर घुसायचा आणि समोरच्या गार्डबरोबर (टॅकलच्या आतल्या बाजूचा अडवणारा) टॅकललाही गुंतवायचा. जोन्स अर्धा क्षण थांबून त्याच्या पाठीमागून आत वळायचा आणि मोकळ्या झालेल्या फटीतून निघायचा. अर्धा क्षणही कमी थांबला तर दोघे एकमेकांवर आपटणार. आणि डाव पासचा नसून बाहेरून पळण्याचा निघाला, तर जोन्सने सोडलेली कड उघडी राहणार. म्हणून ही चाल पासची दाट शक्यता असतानाच खेळायची, किंवा मागच्या फळीतला बचावपटू, लाइनबॅकर, कड सांभाळणार हे आधी ठरवून. जोन्सच्या बाबतीत तिसरी सोयही होती : चुकला, तरी तो वळून मागून गाठू शके.

‘सॅक’ हा शब्दही याच काळातला. श्रेय इतरांनाही दिले जाते, पण तो रूढ केला जोन्सने. त्याची फोड तो दोन तऱ्हांनी करी. एक, शहर लुटून उद्ध्वस्त करणे. दुसरी, आपल्या कानाला लगेच पटणारी : समोरचे सगळे अडवणारे एका पोत्यात भरायचे आणि पोत्यावर दांडके चालवायचे.

१९६६ मध्ये जॉर्ज ॲलन प्रशिक्षक झाला. बचावावर भर देणारा आणि नवख्यांपेक्षा अनुभवी खेळाडूंवर विसंबणारा माणूस. त्या वर्षी ८ विजय, ६ पराभव. १९६७ मध्ये ११ विजय, १ पराभव, २ बरोबरी. त्याच वर्षी ग्रिअरची टाचेची शीर तुटली आणि त्याच्या जागी रॉजर ब्राउन आला. प्लेऑफमध्ये मिलवॉकीला ग्रीन बे पॅकर्सनी रॅम्सला २८-७ असे हरवले. पण आता संघ आघाडी घेत होता, प्रतिस्पर्ध्यांना चेंडू फेकावा लागत होता, आणि जोन्सचे नाव देशभर झाले.

मग आकडे आले कुठून? संशोधकांनी जुन्या सामन्यांचे डावनिहाय तक्ते आणि फिल्म तपासून. काम किचकट आहे. पळत निघालेला खेळाडू रेषेमागे पडला तर तो सॅक नव्हे. क्वार्टरबॅक फेकणार होता की पळणार, हे फिल्म पाहून ठरवावे लागते. दोघे एकदम पोहोचले तर अर्धा-अर्धा. १९६७ साठी पूर्वी २६ आणि १९६८ साठी २४ असे आकडे सांगितले जात. तपासणीनंतर ते २१.५ आणि २२ झाले. १९६४ मध्येही २२ निघाले, आणि ते वर्ष मला या सगळ्यांत सरस वाटते, कारण तेव्हा रॅम्सचे विजय होते फक्त ५.

२०२१ मध्ये प्रो फुटबॉल रेफरन्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाने १९६० पासूनची ही अनधिकृत मोजणी प्रसिद्ध केली. जोन्सच्या नावापुढे १७३.५ सॅक आहेत. त्याच्या पुढे दोघेच, ब्रूस स्मिथ २०० वर आणि रेजी व्हाइट १९८ वर. ते दोघे खेळले तेव्हा हंगाम साधारणपणे १६ सामन्यांचा होता, जोन्सचा प्रत्येक हंगाम १४ सामन्यांचा. चौदा वर्षांतल्या १९६ सामन्यांपैकी तो १९१ खेळला.