घोयरा आणि ऑक्टोपस: दोघांचं रंग बदलणं सारखं नाही

‘सरड्यासारखा रंग बदलतो’ हे आपण इतक्या सहज म्हणतो की ऑक्टोपसलाही ‘समुद्रातला सरडा’ करून मोकळे होतो. मला ही तुलना खटकते. घोयरा सरडा आणि ऑक्टोपस यांचं रंग बदलण्याचं तंत्र निराळं आहे, आणि मुख्य म्हणजे त्यामागचं कारणही निराळं.

आधी घोयऱ्याबद्दल. तो ज्या फांदीवर बसतो तिचा रंग घेतो, हा गैरसमज आहे. शांत असताना हिरवा असल्यामुळे तो पानांत दिसत नाही, एवढंच. 2015 साली जिनिव्हातल्या संशोधकांनी मादागास्करच्या पँथर घोयऱ्यात ही क्रिया उलगडून दाखवली. कातडीतल्या पेशींमध्ये ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. ते जवळजवळ असले की निळा प्रकाश परततो, त्यात कातडीतला पिवळा मिसळून आपल्याला हिरवा दिसतो. समोर दुसरा नर आला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि काही मिनिटांत अंगावर पिवळा, नारिंगी चढतो. म्हणजे ऐन भांडणाच्या वेळी घोयरा लपत नाही, उठून दिसतो! थंडीत ऊन शोषून घ्यायला तो काळपटही होतो.

ऑक्टोपसची कातडी जवळून बघा. तिच्यात रंगाच्या हजारो लवचीक पिशव्या असतात, पिवळ्या, तांबड्या, तपकिरी. प्रत्येकीभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे स्नायू. स्नायू आकुंचन पावले की पिशवी पसरून ठिपका होते, सैल सोडले की टाचणीच्या टोकाएवढी उरते. या स्नायूंना हुकूम थेट मेंदूकडून येतो, म्हणूनच हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत घडतं. शिवाय कातडीवर बारीक उंचवटे उभे राहतात, त्यामुळे नुसता रंगच नाही तर शेवाळाचा खडबडीतपणाही अंगावर येतो. सागरी जीवशास्त्रज्ञ रॉजर हॅनलन यांनी कॅरिबियन समुद्रात घेतलेल्या चित्रणात शेवाळाचा एक झुबका अचानक पांढरा पडतो आणि त्यातून ऑक्टोपस पळत सुटतो. कितीदाही पाहिलं तरी तो आधी कुठे होता ते मला सापडत नाही. आणि बहुतेक ऑक्टोपसांच्या डोळ्यांना आपल्यासारखे रंग वेगळे ओळखता येत नाहीत!

रंगाचा हुकूम मेंदूकडून येतो म्हटल्यावर बुद्धीचा मुद्दाही येतोच. ऑक्टोपसच्या अंगात सुमारे 50 कोटी चेतापेशी असतात, त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश बाहूंमध्ये. इंडोनेशियातले काही ऑक्टोपस नारळाच्या करवंट्या पोटाखाली धरून समुद्रतळावरून चालत नेतात आणि गरज पडली की दोन करवंट्या जुळवून आत बसतात. ही नोंद 2009 साली प्रसिद्ध झाली. पुढे लागेल म्हणून आज ओझं वाहायचं, हे घोयऱ्यात कुणी पाहिलेलं नाही.

एका बाबतीत मात्र दोघं जवळ येतात. निळ्या कड्यांचा विषारी ऑक्टोपस एरवी दगडासारखा भुरकट असतो. डिवचलं की अंगावरची कडी झगझगीत निळी चमकवतो, आणि तेव्हा त्यालाही लपायचं नसतं.