चौकातल्या वळणाचं गणित

दोन रस्ते एकमेकांना छेदतात अशा साध्या चौकात, चारही बाजूंनी येणाऱ्यांना डावीकडे, सरळ आणि उजवीकडे जाण्याची मुभा असेल, तर वाहनांचे मार्ग एकमेकांशी ३२ ठिकाणी भिडतात. वाहतूक अभियंते या ठिकाणांना संघर्षबिंदू म्हणतात. त्यांपैकी ८ ठिकाणी एका मार्गाला फाटा फुटतो, ८ ठिकाणी दोन मार्ग एकत्र येतात आणि १६ ठिकाणी एक मार्ग दुसऱ्याला आडवा कापतो. हे शेवटचे १६ सगळ्यांत घातक. तिथली धडक गाडीच्या कुशीत बसते, आणि तिथं माणूस आणि बाहेरची गाडी यांच्यात जेमतेम दरवाजाची जाडी असते. या १६ पैकी सरळ जाणाऱ्यांनी सरळ जाणाऱ्यांना कापलेले बिंदू फक्त ४. उरलेल्या १२ बिंदूंवर कुणीतरी उजवीकडे वळत असतं.

आणि हा हिशेब प्रत्येक दिशेला एकच लेन धरून केलेला आहे. लेन वाढल्या की बिंदू भराभर वाढतात.

आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं गाड्या चालवतो, म्हणून आपल्याकडे उजवं वळण समोरची वाहतूक तोडून जातं. अमेरिकेत उजव्या बाजूनं चालवतात, तिथं हीच अडचण डाव्या वळणाची. यूपीएस ही तिथली पार्सल कंपनी आपल्या गाड्यांचे मार्ग आखताना डावी वळणं होता होईल तो टाळते, ती याच कारणानं. ब्रिटनमधले वाहतूक संशोधक वेबस्टर यांनी १९५८ मध्ये सिग्नलची वेळ काढण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात समोरची वाहतूक चालू असताना उजवीकडे वळणारी एक गाडी सरळ जाणाऱ्या पावणेदोन गाड्यांइतकी धरली आहे. ही पद्धत आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतही शिकवतात. दहा गाड्या उजवीकडे वळल्या, की चौकाचा साडेसतरा गाड्यांचा वेळ खर्च झाला.

हे लक्षात घेतलं की नियमांचा रोख कळतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११८ खाली केंद्र सरकारनं १९८९ मध्ये रस्त्याचे नियम केले आणि २०१७ मध्ये त्यांच्या जागी नवे वाहनचालन विनियम आले. वळणाचा गाभा जुनाच राहिला. डावीकडे वळायचं तर आधीपासून डावी कड धरायची आणि नव्या रस्त्यावरही डाव्या कडेनंच निघायचं. उजवीकडे वळायचं तर आधी रस्त्याच्या मध्याजवळ, म्हणजे दुभाजक असेल तर त्याच्या लगतच्या लेनमध्ये यायचं आणि नव्या रस्त्यावर आपल्या, म्हणजे डाव्या, बाजूत शिरायचं. कोपरा छाटून समोरून येणाऱ्यांच्या बाजूत घुसायचं नाही. वळणाऱ्यानं सरळ जाणाऱ्याला आणि रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. सिग्नल नसलेल्या चौकात मुख्य रस्त्यावरच्या वाहनाचा हक्क पहिला, दोन्ही रस्ते सारखेच असतील तर उजवीकडून येणाऱ्याचा. वर्तुळाकार चौकात आत फिरत असलेल्याचा.

चौकाच्या अलीकडचे शंभर मीटर

चौकात दिसणारा बहुतेक गोंधळ चौकाच्या आधीच जन्माला आलेला असतो. सगळ्यांत डाव्या लेनमधून शेवटच्या क्षणी उजवीकडे वळणारी गाडी मधल्या आणि उजव्या, अशा दोन लेन आडव्या कापते. वर मोजलेल्या ३२ बिंदूंत नसलेले नवे बिंदू ती स्वतः तयार करते आणि तिथं कुणी सावध असण्याचं काहीच कारण नसतं.

ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. रस्त्याची रचना करताना भारतीय मानकं चालकाला धोका ओळखून ब्रेकवर पाय टेकवायला अडीच सेकंद देतात. त्यात २८ मीटर जातात, पुढं ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी १७ मीटर. एकूण ४५. मागच्या माणसाला तुमचा इरादा कळून त्याला शांतपणे वेग कमी करता यावा, तर इंडिकेटर चौकाच्या किमान ५० मीटर आधी लागायला हवा. इंडिकेटर मिनिटाला साधारण ९० वेळा लुकलुकतो. लेन बदलण्याआधी त्याची चार-पाच उघडझाप म्हणजे तीन सेकंद. स्टिअरिंग फिरवता फिरवता लावलेला इंडिकेटर मागच्याला अडीच सेकंदांतला एकही सेकंद देत नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा: शंभर मीटरवर दिशाफलक आणि रस्त्यावरचे बाण वाचायचे, मग मधला आरसा, बाजूचा आरसा, इंडिकेटर, तीन सेकंद, खांद्यावरून एक झटपट नजर आणि मग लेन बदल. दोन लेन ओलांडायच्या असतील तर एक ओलांडून स्थिर व्हायचं, पुन्हा आरसा पाहायचा, मग दुसरी. चौक जवळ आला की लेनमधली तुटक पांढरी रेघ सलग होते. तिथून पुढं लेन बदलायची नाही.

उजवीकडे वळताना

आपल्या शहरांतले सिग्नल दोन प्रकारे चालतात. काही चौकांत एका वेळी एकाच बाजूला हिरवा मिळतो. तिथं समोरचे थांबलेले असतात आणि उजवं वळण त्या मानानं सुरक्षित असतं. बाकी ठिकाणी समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना एकदम हिरवा मिळतो. गोल हिरवा दिवा म्हणजे समोरचा थांबला आहे असं नव्हे. हिरवा बाण दिसला तर गोष्ट वेगळी. अनोळखी चौकात समोरच्या रांगेची पुढची चाकं हलतात का, हे आधी पाहावं.

समोरून वाहतूक येत असेल तर किती फट पुरेल? चौकाच्या मध्यावर थांबलेल्या मोटारीला समोरच्या दोन लेन, म्हणजे ७ मीटर, अधिक स्वतःची ४ मीटर लांबी, अधिक वळणाचे दोन मीटर, असे १३ मीटर कापायचे असतात. शहरात आपण साधारण ज्या जोरानं गाडी उचलतो, तो दर सेकंदाला दीड मीटर प्रति सेकंद धरला तर या अंतराला ४.२ सेकंद लागतात. निर्णयाचा एक सेकंद मिळवला की पाच. तेवढ्यात समोरून ताशी ५० नं येणारी गाडी ७० मीटर पुढं येते. समोर तिसरी लेन असेल तर ८० मीटर. रात्री नुसते हेडलाइट दिसत असताना हे अंतर नेहमी फसवतं, आणि मोटारसायकलचा एकटा दिवा तर अधिकच, कारण दोन दिव्यांमधलं अंतर वाढताना दिसतं तसं तिथं काहीच दिसत नाही. शंका असेल तर ती गाडी जाऊ द्यावी.

वाट पाहत थांबलेलं असताना पुढची चाकं सरळ ठेवावीत. ही सवय फार थोड्यांना असते, आणि ती जीव वाचवणारी आहे. चाकं आधीच उजवीकडे वळवून ठेवली आणि मागून कुणी ठोकलं, तर गाडी ढकलली जाते ती थेट समोरून येणाऱ्या लेनमध्ये. चाकं सरळ असतील तर ती आपल्याच मार्गात पुढं सरकते.

दुसरी गोष्ट खांबाची. पुढच्या काचेच्या उजव्या कडेचा खांब आपल्याकडच्या गाड्यांत चालकाच्या सगळ्यांत जवळ असतो. १० सेंटीमीटर रुंदीचा खांब डोळ्यापासून ७० सेंटीमीटरवर असेल, तर १० मीटरवर तो एका डोळ्यापासून सुमारे १.४ मीटर रुंदीचा पट्टा झाकतो. दोन डोळ्यांमधलं अंतर जमेला धरूनही दोन्ही डोळ्यांना न दिसणारा अर्ध्या मीटरहून थोडा जास्त पट्टा उरतो. चालणारा माणूस त्यात आख्खा मावतो. उजवीकडे वळताना ज्या रस्त्यात आपण शिरत असतो, त्याचं झेब्रा क्रॉसिंग नेमकं याच खांबाच्या रेषेत येतं. त्यात गाडी वळत असते आणि माणूस चालत असतो, त्यामुळं तो खांबाआड सलग दोन-तीन सेकंद राहू शकतो. वळण सुरू करण्याआधी मान आणि खांदे पुढं-मागं हलवून खांबाच्या दोन्ही बाजूंनी पाहणं, एवढाच यावर उपाय आहे.

पिवळ्याबद्दलही सांगायला हवं. पिवळा साधारण तीन सेकंद असतो. ताशी ४० नं सरळ जाणारी गाडी तेवढ्यात ३३ मीटर जाते. वळणारा मात्र ताशी २० च्या आसपास असतो आणि मोठ्या चौकात थांबरेषेपासून बाहेर पडेपर्यंत त्याला २५ ते ३० मीटर कापायचे असतात. त्याला पाच सेकंद लागतात. पिवळ्याच्या शेवटी घुसलेला वळणारा आडव्या रस्त्याला हिरवा मिळतो तेव्हा चौकाच्या पोटातच असतो. चौकात पिवळ्या तिरक्या रेघांची चौकट आखलेली असेल, तर पुढची जागा मोकळी दिसल्याशिवाय तिच्यात शिरून अडकून राहायचं नाही.

दोन लेन एकदम उजवीकडे वळतात तेव्हा

रुंद रस्त्यांवर दुभाजकालगतच्या दोन लेनवर उजवीकडचे बाण आखलेले असतात. तिथं दोन गाड्या शेजारी शेजारी वळतात आणि बाजू घासण्याचे प्रकार तिथंच सर्वाधिक होतात. कारण भूमितीत आहे. काटकोनात वळताना बाहेरच्या लेनचा मार्ग आतल्या लेनपेक्षा साडेतीन मीटर लेनरुंदी गुणिले पाय (π) भागिले दोन, म्हणजे साडेपाच मीटर लांब पडतो. वळण ऐसपैस असो की आखूड, हा फरक तेवढाच राहतो. दोघे एकाच वेगानं निघाले तर वळण संपेपर्यंत बाहेरचा एका गाडीहून जास्त मागं पडतो. मग तो नकळत कोपरा छाटतो आणि आतल्याच्या लेनमध्ये उतरतो. आतल्याची खोड उलटी असते. १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २० नं गाडीला बाजूला लागणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या एक पंचमांश असतो, ताशी ३० ला तो जवळजवळ निम्मा होतो. वेग दीडपट, जोर सव्वादोनपट. आतला जास्त वेगात आला की तो बाहेर फेकल्यासारखा पसरतो.

ज्या क्रमानं शिरलात त्याच क्रमानं बाहेर पडायचं. दुभाजकालगतचा दुभाजकालगतच निघेल, त्याच्या डावीकडचा त्याच्या डावीकडेच. लेन बदलायची असेल ती चौक पूर्ण मागं पडल्यावर. बस, ट्रकनं या दोनांतली बाहेरची लेन घेतलेली बरी, कारण त्यांना मोठी त्रिज्या लागते.

डावीकडचा सापळा

कोणत्याही चारचाकी वाहनाची मागची चाकं वळताना पुढच्या चाकांच्या वाटेवरून जात नाहीत, ती आतल्या बाजूनं जातात. पुढच्या आणि मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेली मोटार १० मीटर त्रिज्येनं वळली तर हा फरक ३० सेंटीमीटरचा. शहर बसचं हे अंतर सुमारे ६ मीटर असतं. तिचं पुढचं चाक १२ मीटरच्या वर्तुळावर फिरलं, तर मागचं १०.४ मीटरच्या वर्तुळावर फिरतं. फरक १.६ मीटर, म्हणजे फूटपाथवर चढायला पुरेसा. म्हणून बसचालक डावीकडे वळण्याआधी बस थोडी उजवीकडे घेतो आणि डाव्या कडेला जागा सुटते. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ती वाट मोकळी दिसते. काही क्षणांनी मागचं चाक त्याच जागेवरून जाणार असतं.

बसचा डावा इंडिकेटर चालू असेल तर तिच्या डावीकडून पुढं जायचं नाही, कितीही जागा दिसली तरी. उजव्या बाजूला, बसच्या शेपटीजवळ चिकटून उभं राहणंही धोक्याचं. मागच्या चाकांच्या मागं तीन मीटर सांगाडा असेल, तर वळणाच्या सुरुवातीला त्याचा मागचा उजवा कोपरा सुमारे ४० सेंटीमीटर उजवीकडे झाडल्यासारखा येतो. दुचाकीचं हँडल तेवढ्यात अडकतं.

मोटारवाल्यांनी डावीकडे वळताना आधीपासूनच डावी कड धरली, तर दुचाकी शिरेल एवढी फट उरतच नाही. लाल दिवा डावीकडे वळणाऱ्यालाही लागू असतो. हिरवा डावा बाण किंवा तशी पाटी असेल तिथंच जाता येतं, आणि तिथंही झेब्रावरचा माणूस आधी.

सायकलस्वारासाठी, आणि ज्याला तीन लेन ओलांडून दुभाजकापर्यंत जाणं जड वाटतं त्या प्रत्येकासाठी, उजवीकडे जायची आणखी एक रीत आहे: डाव्या कडेनं सरळ चौक ओलांडायचा, पलीकडच्या कोपऱ्यात आडव्या रस्त्याच्या थांबरेषेपाशी उजवीकडे तोंड करून थांबायचं आणि त्या रस्त्याला हिरवा मिळाला की त्याच्याबरोबर सरळ निघायचं. मेलबर्नच्या मध्यवर्ती भागात रस्त्याच्या मधोमध ट्राम धावते, म्हणून ठरावीक चौकांत तिथल्या मोटारीही चौकाच्या डाव्या बाजूला थांबून याच धर्तीवर उजवीकडे वळतात. आपल्याकडे मोटारीनं असं करायचं नाही, पण सायकल हातात धरून दोन झेब्रा पायी ओलांडले तरी तोच परिणाम साधतो.

आणि चुकीच्या लेनमध्ये अडकलात तर त्या लेनचा बाण सांगेल तिकडे जायचं. पुढच्या चौकात किंवा दुभाजकाच्या खुल्या जागी यू-टर्न घेऊन परत येण्यात एक किलोमीटर वाढला, तर ताशी २५ च्या सरासरीनं अडीच मिनिटं जातात.