होम सर्व्हरची देखरेख, स्मार्ट होम डॅशबोर्डवरून

घरातल्या छोट्या सर्व्हरची, म्हणजे रास्पबेरी पाय (हाताएवढा छोटा संगणक), नास (नेटवर्कवर फाइली साठवायचं मशीन) किंवा जुन्या पीसीवर प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारी प्रणाली) टाकून केलेल्या मशीनची तब्येत, दिवे-पंखे जिथून चालतात त्याच डॅशबोर्डवर बघायची पद्धत. इथे मुख्यतः होम असिस्टंट हे स्मार्ट होम चालवायचं सॉफ्टवेअर धरलंय (पाउलुस स्कौट्सेन यांनी २०१३ मध्ये पायथन भाषेत सुरू केलेलं).

उगम : हे दोन बाजूंनी मांडता येतं. काहीजण होम ऑटोमेशनपासून, म्हणजे १९७५ च्या सुमाराच्या एक्स१० (घरातल्या विजेच्या तारांवरूनच उपकरणांना हुकूम पाठवायची पद्धत) पासून सुरुवात धरतात, पण एक्स१० चे सुरुवातीचे मॉड्यूल फक्त हुकूम घ्यायचे, स्वतःची स्थिती उलट कळवायचेच नाहीत, त्यामुळे देखरेखीचं मूळ तिथे शोधणं जरा अवघड जातं. दुसरा धागा नेटवर्क अ‍ॅडमिन लोकांचा : १९८३ चं पिंग (मशीन उत्तर देतंय का ते बघणारं), १९८८ चं एसएनएमपी (नेटवर्कवरच्या उपकरणांची स्थिती विचारायची पद्धत) आणि १९९५ च्या आसपास टोबियास ओटिकर यांनी खुलं केलेलं एमआरटीजी. एमआरटीजी राउटरमधून किती डेटा गेला याचा काउंटर दर ५ मिनिटांनी वाचून ग्राफ काढायचं, आणि होम असिस्टंटची अल्पकालीन आकडेवारीसुद्धा ५ मिनिटांचीच असते. हा धागा जास्त पटण्यासारखा आहे.

आकडे कुठून येतात : सिस्टम मॉनिटर हे इंटिग्रेशन (होम असिस्टंटला जोडायचा भाग) होम असिस्टंट ज्यावर चालतंय तेवढंच मशीन बघतं, बाकीच्यांवर ग्लान्सेस हा मशीनचे आकडे देणारा प्रोग्राम चालू ठेवतात (पोर्ट ६१२०८). पायचं तापमान कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या) फाइलमधून घेतलं तर आकडा हजारपट येतो, ५२००० म्हणजे ५२ अंश. सविस्तर नोंदी डिफॉल्टने १० दिवसच राहतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अलर्टची. तापमान ७५ च्या वर गेलं की मेसेज, असं ऑटोमेशन बहुतेकजण लावतात, पण सर्व्हर बंदच पडला तर आकडा येतच नाही, सेन्सर 'अनअव्हेलेबल' होतो आणि ते ऑटोमेशन गप्प बसतं. म्हणून 'अनअव्हेलेबल'साठी वेगळा अलर्ट हवाच, आणि होम असिस्टंट त्याच सर्व्हरवर असेल तर तोही सांगायला उरत नाही, वेगळ्या छोट्या मशीनवर ठेवलेला बरा.

वीज : लाइट गेल्याचं कळण्यासाठी नेटवर्क यूपीएस टूल्स हे यूपीएसची स्थिती वाचणारं सॉफ्टवेअर वापरतात. 'ओबी' म्हणजे बॅटरीवर, 'एलबी' म्हणजे बॅटरी संपत आली, दोन्ही एकदम आले की सर्व्हर नीट बंद केला जातो. राउटरही यूपीएसवर घ्यावा, नाहीतर अलर्ट घराबाहेर पडत नाही.