घरीच पिकअप रंगवताय? आधी आरसीवरचा रंग बघा: अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

पिकअपचा रंग उडाला की पत्रा उघडा पडतो, आणि उघड्या पत्र्याची वाट लावायला एक पावसाळा पुरतो. रावेर-यावलकडची केळीची गाडी असो, दोंडाईच्याच्या मार्केटला मिरची नेणारी असो की दुधाचे कॅन वाहणारी, आठ-दहा वर्षांत हौद्याचा तळ आणि मागचा फाळका गंजतोच. गॅरेजवाला डेंटिंग-पेंटिंगचा आकडा सांगतो तेव्हा माणूस गाडी परत घेऊन येतो आणि अंगणात स्वतःच घासायला बसतो. त्यात काही गैर नाही, आम्हीही तेच केलं. पण पॉलिश पेपर आणायला दुकानात जाण्याआधी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, काढा आणि तिच्यावर गाडीचा रंग काय लिहिलाय ते वाचा. पुढे अर्ज करावा लागणार की नाही, हे त्या एका शब्दावर ठरतं.

आरसीवर ‘व्हाइट’ असेल आणि तुम्ही पांढराच मारणार असाल, तर कोणताही अर्ज नाही, फी नाही, तपासणी नाही. आहे तोच रंग नव्याने देणं म्हणजे देखभाल. पांढऱ्याची निळी करायची असेल, तर मात्र गाडी आणि आरसी यांचा मेळ बसत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ वाहनातल्या बदलांबद्दल आहे. नोंदणीतला तपशील आणि प्रत्यक्ष गाडी यांत फरक पडेल असा बदल मालकाने परस्पर करून ठेवू नये, केलेला बदल १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावा आणि आरसीवर त्याची नोंद करून घ्यावी, असं ते सांगतं. माझा सल्ला याच्याही एक पाऊल अलीकडचा आहे. रंग बदलायचाच असेल तर डबा उघडण्याआधी आरटीओची लेखी मान्यता घ्या. आधी रंगवून मग विचारायला गेलात आणि काही अडलं, तर चार लिटर रंग आणि आठवड्याची मेहनत वाया जाते.

कमी पैशात काम करायचं असेल तर आहे तोच रंग ठेवा, हे मी मनापासून सांगतो. जुना रंग नव्याखालून डोकावत नाही, त्यामुळे रंगाचा एक हात (थर) वाचतो. दाराच्या आतल्या कडा, बॉनेटखालचा भाग, केबिनचा आतला पत्रा नाही रंगवला तरी विजोड दिसत नाही. वर आरटीओची खेप वाचते ती वेगळीच.

एक रंग मात्र कुठल्याच परिस्थितीत चालत नाही, तो म्हणजे ऑलिव्ह ग्रीन, लष्करी गाड्यांचा हिरवा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ नुसार तो संरक्षण दलाच्या गाड्यांसाठी राखीव आहे. हौसेने तो मारून घेतलेल्या गाड्या दिसतात, पण त्याची नोंद होणार नाही.

अर्ज कोण करू शकतो

आरसीवर ज्याचं नाव, त्यानेच अर्ज करायचा. आपल्याकडे अडतं ते इथेच. जुनी पिकअप बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या हातातली असते, पैसे देऊन चावी घेतलेली असते आणि आरसी अजून पहिल्या मालकाच्या नावावर असते. तसं असेल तर रंग बाजूला ठेवा, आधी फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करून घ्या. घेणाऱ्याने खरेदीपासून ३० दिवसांत हे करायचं असतं. वडील वारले आणि गाडी त्यांच्याच नावावर राहिली असेल, तर ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर करायची असते. मुदत उलटून गेली असली तरी हे करावंच लागतं, दंड भरून का होईना.

गाडी सीमेपलीकडची असेल तर आणखी एक पायरी वाढते. सुरतेची जीजे-०५ किंवा बऱ्हाणपूरची एमपी-६८ पासिंगची पिकअप नंदुरबार, शिरपूर, रावेरच्या बाजूला बऱ्याच जणांकडे असते. दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवली तर इथली नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी मूळ आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) लागते. गाडी महाराष्ट्रातलीच पण दुसऱ्या जिल्ह्याची असेल, तर बदलाची माहिती तुम्ही राहता तिथल्या आरटीओला द्यायची असते. ते मूळ कार्यालयाला कळवतात. जळगाव एमएच-१९, धुळे एमएच-१८, नंदुरबार एमएच-३९, आणि चाळीसगावला आता स्वतंत्र एमएच-५२ आहे.

गाडीवर कर्ज असेल तर आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव चढलेलं असतं. त्यांचं संमतीपत्र आधी मिळवा, कारण ते हातात पडायला बाकी सगळ्या कागदांपेक्षा जास्त दिवस लागतात. कर्ज फिटून नाव उतरवलं नसेल तर तेही याच वेळी उतरवून घ्या.

कागदपत्रं

मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, मालाची गाडी असेल तर चालू फिटनेस प्रमाणपत्र, कर भरल्याची पावती, मालकाचं आधार, आणि पॅन (नसेल तर फॉर्म ६०). सोबत चेसिस नंबरची, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबराची, पेन्सिल छाप. कर्ज असल्यास वरचं संमतीपत्र. रंगवण्याआधीचे चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा, नंतरचेही काढा. मागितले नाहीत तरी उपयोगी पडतात. तीन हजार किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्यामुळे लहान पिकअपवाल्याला तो कागद जोडायचा नसतो. त्याहून मोठी असेल तर परमिटही जोडा.

फिटनेस संपलेला असेल तर तो आधी करून घ्या. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी करावा लागतो. म्हणून रंगकाम फिटनेसच्या महिन्याच्या थोडं आधी काढणं सोयीचं. गंजलेला पत्रा आणि पुसलेली अक्षरं तिथेही नडतातच. त्या निमित्ताने सगळं एकदम मार्गी लागतं.

अर्जाचा क्रम

परिवाहन पोर्टलवर वाहनविषयक सेवांमध्ये गाडी नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकून ‘ऑल्टरेशन ऑफ व्हेइकल’ ही सेवा निवडायची. ओटीपी आरसीशी जोडलेल्या मोबाईलवर येतो. तो नंबर जुन्या मालकाचा किंवा बंद पडलेला असेल तर गाडी तिथेच अडते, म्हणून मोबाईल नंबर आधी बदलून घ्या. फी ऑनलाइन भरायची, पावती आणि अर्जाची प्रत छापून घ्यायची. थकलेली ई-चलनं असतील तर ती त्याआधीच भरून टाका. मग कागद घेऊन कार्यालयात जायचं आणि मान्यता घ्यायची. रंगकाम उरकलं की १४ दिवसांच्या आत कळवून गाडी मोटार वाहन निरीक्षकांना दाखवायची. ते रंग पाहतात, चेसिस नंबर ताडून घेतात, आणि नोंद झाली की नवीन रंगाची आरसी पोस्टाने घरी येते. ती येईपर्यंत एम-परिवाहन किंवा डिजिलॉकरवर रंग बदललेला दिसतो का ते बघत राहा. तालुक्याच्या गावी आरटीओचे कॅम्प लागतात, तिथे हे काम होतं का हे आधी विचारून मगच गाडी न्या.

आरसी आली की तिची प्रत आणि साधं पत्र विमा कंपनीला द्या आणि पॉलिसीवर रंगाची दुरुस्ती करून घ्या. हे बरेच जण विसरतात. अपघात झाल्यावर सर्वेअर कागद आणि गाडी शेजारी ठेवून बघतो, तेव्हा हा फरक निघू नये.

रंगवताना जे झाकायचं ते आधी झाका

तपासणीत गाडी अडते ती बहुधा रंगामुळे नाही, रंगाखाली गेलेल्या गोष्टींमुळे. आमच्या गाडीला प्रायमर मारताना चेसिस नंबरवरही दोन हात बसले होते. छाप घ्यायला कागद ठेवला तर आकडे उठेनात. थिनरच्या फडक्याने पुसून, दातांच्या ब्रशने खाचा मोकळ्या करून शेवटी नंबर दिसला, पण तोवर वेळ टळली होती आणि चोपड्याहून जळगावला दुसरी खेप झाली. नंबर कोरलेल्या जागी ग्रीस लावा आणि वर मास्किंग टेप मारा. तिथे लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरू नका, ग्राइंडर तर अजिबात लावू नका. खरवडलेला नंबर म्हणजे चोरीच्या गाडीचा संशय. कंपनीची पत्र्याची चकतीही तशीच झाका.

नंबर प्लेटचंही तेच. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांनाही आता हाय सिक्युरिटी प्लेट बंधनकारक आहे. ती एकदाच बसणाऱ्या लॉकने बसवलेली असते. रंगवण्यासाठी उपसली की लॉक तुटतं आणि पुन्हा बसत नाही. जागेवरच कागद लावून झाका. काचेवरचं नंबराचं स्टिकरही जपा. पुढची पांढरी आणि मागची लाल रिफ्लेक्टर पट्टी जुनी असेल तर काढून टाका आणि रंग वाळल्यावर नवी लावा, पट्टीवरून ब्रश फिरवू नका. डाव्या बाजूला मालकाचं नाव-पत्ता, रिकामं आणि भरलेलं वजन लिहिलेलं असतं. पुसण्याआधी त्याचा फोटो काढा आणि काम झाल्यावर पेंटरकडून जसंच्या तसं पुन्हा लिहून घ्या. मुलांची नावं आणि देवाचं नाव त्यानंतर.

आता रंगाचं थोडक्यात. घरी ब्रश किंवा लहान रोलरने सिंथेटिक इनॅमल मारा. हार्डनर मिसळायच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगात आयसोसायनेट असतं, ते फवाऱ्यातून छातीत गेलं तर दम्यासारखा त्रास होतो. योग्य मास्क आणि बंदिस्त जागा नसेल तर तो घरी फवारू नका, शेजारी लहान मुलं असतात. गंज ८० नंबरच्या पेपरने चकाकी येईपर्यंत काढा, लांबी २२० ने सपाट करा, प्रायमर ४०० ने पाणी मारत घासा. बोअरच्या जड पाण्याचे डाग पत्र्यावर राहतात, म्हणून शेवटचं पुसणं गोड्या पाण्याने करा आणि पूर्ण वाळू द्या. जुन्या इनॅमलवर एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारू नका, त्याच्या थिनरने खालचा थर फुगून सुरकुततो. हौदा धरून दोन हातांना चार-पाच लिटर रंग पुरतो.

आणि वेळ. वैशाखात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. अशा पत्र्यावर रंग पसरण्याआधीच वाळतो आणि ब्रशच्या रेघा कायमच्या राहतात. वावटळीची धूळ बसते ती वेगळीच. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, सकाळी दव सुकल्यावर सुरू करून उन्हं चढायच्या आत एक हात पुरा करा. दुसरा हात दुसऱ्या दिवशी. इनॅमल वरून कोरडं लागलं तरी आतून पक्कं व्हायला आठवडा घेतं, तोवर ताडपत्री आवळून बांधू नका आणि माल भरू नका. मान्यता घेऊन रंग बदलला असेल तर हा आठवडाही १४ दिवसांतच मोजला जातो, म्हणून तपासणीची तारीख रंग वाळायची वाट न बघता आधीच ठरवा.