तडकलेला मणी

काढणीला आठ दिवस राहिले होते. पिंपळगाव बसवंतजवळ मामाची थॉमसन द्राक्षांची बाग. व्यापारी येऊन, दोन मणी तोंडात टाकून, ब्रिक्स, म्हणजे रसातली गोडी, मोजून सौदा करून गेला होता. आणि फेब्रुवारीत पडू नये तो पाऊस रात्री तासभर पडला. सकाळी मी नाशकाहून पोचलो तर मामा मांडवाखाली वाकून उभा. पाऊस थांबून पाच-सहा तास झाले होते, ऊन वर आलं होतं, तरी मणी तडकतच होते. देठाशी केसासारखी चीर पडायची, तिच्यातून रसाचा थेंब हळूच वर यायचा आणि थोड्या वेळात त्यावर माशी.

"तू अकरावीच्या पोरांना पेशी शिकवतो ना?" मामा म्हणाला. "मग सांग, पाऊस तर गेला. आता हा कशानं फुटतोय?"

मी म्हटलं, "परासरण."

"ते नाव झालं. कारण सांग."

परीक्षेत त्या एका शब्दावर अर्धा मार्क पदरात पडतो. बागेत काही पडत नाही. तेव्हापासून हा धडा मी वर्गात वेगळ्या रीतीने घेतो, आणि सुरुवात द्राक्षाने न करता कांद्याने करतो.

लासलगावकडचा लाल कांदा घ्यायचा. शाळेत पाकळीची आतली, बिनरंगी साल काढायला लावतात आणि तिच्यावर आयोडीन टाकतात. माझा आग्रह बाहेरच्या जांभळट सालीचा. तिला वेगळा रंग द्यावा लागत नाही, कांदा घरूनच रंगून आलेला असतो. ब्लेडने बारीक चौकोन आखायचा, चिमट्याने कोपरा उचलायचा आणि निघालेला पापुद्रा पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर पसरायचा. सूक्ष्मदर्शकात विटांच्या बांधकामासारख्या लांबट चौकटी दिसतात, साधारण पाव मिलिमीटर लांबीच्या, प्रत्येक जांभळ्या रंगाने काठोकाठ भरलेली. आता ग्लासभर पाण्यात दोन-तीन चमचे मीठ विरघळवून त्यातला एक थेंब काचेच्या एका कडेला सोडायचा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावायचा. मिठाचं पाणी आत ओढलं जातं. दोन-चार मिनिटांत चौकटीच्या कोपऱ्यांतून जांभळा रंग सुटायला लागतो. चौकट जागच्या जागी राहते, पण तिच्या आतला जांभळा फुगा आकसत, गडद होत मध्यभागी गोळा होतो. वर्गात या क्षणी कुणीतरी हमखास ओरडतं, "अरे सर, ती आत आहे!" म्हणजे तोवर पोरं चौकटीलाच पेशी समजत असतात.

त्यांना हसू नये. 1665 मध्ये रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरून 'सेल' हा शब्द वापरला, तेव्हा त्याच्यासमोरही रिकाम्या खोल्याच होत्या. बूच मेलेलं असतं. राहणारे केव्हाच निघून गेले होते, भिंती तेवढ्या उरल्या होत्या.

साधं पाणी सोडलं की कांद्यातला फुगा पुन्हा फुगून भिंतीला टेकतो. मिठात फार वेळ ठेवला तर मात्र टेकत नाही, मरतो. या छोट्याशा खेळात दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. बाहेरची चौकट म्हणजे पेशीभित्तिका. ती सेल्युलोजची, म्हणजे कापूस ज्याचा असतो त्याचीच. पाणी, मीठ, साखर तिच्यातून बिनबोभाट जातात. ती भिंत असली तरी जाळीची भिंत आहे. तिच्या आतून लागून असलेलं अतिपातळ कातडं म्हणजे पेशीपटल. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरतं या पटलाशी.

हे पटल कशाचं आहे ते समजायला नाशिककराला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. मिसळीच्या वाटीकडे बघितलं तरी पुरतं. रस्सा कितीही ढवळा, तर्री वर येणार ती येणारच, आणि मिरचीचा लाल रंग तर्रीतच राहणार. पाण्याच्या रेणूचा ऑक्सिजनकडचा भाग किंचित ऋण आणि हायड्रोजनकडचा किंचित धन असतो, त्यामुळे ते रेणू एकमेकांना घट्ट चिकटून असतात. मिठासारखे विद्युतभार असलेले किंवा साखरेसारखे त्यांच्याशी हात मिळवू शकणारे पदार्थ ते आपल्यात घेतात. तेलाकडे द्यायला हात नाही, म्हणून ते बाजूला पडतं. पटलाचे रेणू मात्र दोन्हीकडचे. त्यांना एक डोकं असतं, त्याला पाणी आवडतं. आणि दोन लांब शेपट्या असतात, त्या तेलासारख्या पाण्यापासून पळतात. असे असंख्य रेणू पाण्यात सोडले की ते आपणहूनच दोन थरांत उभे राहतात, डोकी बाहेर आणि शेपट्या आत. कुणी गवंडी लागत नाही.

दोन थर आहेत हे पहिल्यांदा 1925 मध्ये नेदरलँड्समधल्या गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी सांगितलं. त्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशींमधला सगळा स्निग्धांश काढून पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा पसरला आणि मोजला. तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरला. गंमत अशी की त्यांनी स्निग्धांश पुरता काढलाच नव्हता, आणि पेशीचं क्षेत्रफळही कमी धरलं होतं. दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं आणि उत्तर बरोबर आलं. पोरांना ही गोष्ट फार आवडते, आणि मी ती सांगताना जरा घाबरतो.

या दुपदरी थराची जाडी सुमारे 5 नॅनोमीटर. केसाचे उभे दहा-पंधरा हजार पापुद्रे काढता आले तर त्यातला एक. एवढ्याशा तेलाच्या पडद्यातून साखर आणि मीठ आपलं आपण जवळजवळ जातच नाही. पाणी मात्र थोडं थोडं झिरपतं, आणि शिवाय त्याच्यासाठी खास नळ्या बसवलेल्या असतात. रक्तगटाशी संबंधित प्रथिनांवर काम करताना पीटर ॲग्रे यांना या नळ्या जवळजवळ अपघाताने सापडल्या. 2003 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एका नळीतून सेकंदाला अब्जावधी पाण्याचे रेणू जातात, एका रांगेत.

आता मण्याकडे येऊ. पिकलेल्या मण्याच्या लिटरभर रसात 200 ग्रॅमच्या आसपास साखर असते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळून. बाहेर पावसाचं पाणी, ज्यात जवळजवळ काहीच नाही. मध्ये पटल. साखरेला बाहेर पडता येत नाही, पाण्याला आत जाता येतं. आत साखरेने जागा अडवल्यामुळे पाण्याचे मोकळे रेणू कमी, बाहेर जास्त. दोन्हीकडून पटलावर धडका बसत असतात, पण बाहेरून बसणाऱ्या जास्त असतात. परासरण म्हणजे ही धडकांची तफावत. पाण्याला ना साखरेची ओढ असते, ना इच्छा. कागदावर हिशेब केला तर 200 ग्रॅम साखरेचा परासरण दाब सुमारे 27 वातावरणांइतका, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या 27 पट निघतो. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन असतो.

मग एरवी मणी फुटत का नाहीत? द्राक्षवाले ज्याला 'पाणी उतरणं' म्हणतात ती अवस्था इथे कामी येते. हिरवा कडक मणी एका आठवड्यात मऊ, अर्धपारदर्शक होतो. या वेळी साखर पेशीच्या आतच साठते असं नाही, पेशींच्या बाहेरच्या फटींतही बरीच साठते. आत आणि बाहेर दोन्हीकडे गोड, त्यामुळे पेशीतला प्रत्यक्ष दाब उलट उतरतो. मण्याचा मऊपणा तो हाच. पाऊस हा तोल बिघडवतो. घट्ट घडात मण्यांच्या मधल्या खाचांत आणि देठाशी पाणी अडकून राहतं, ऊन आलं तरी आत वाळत नाही, आणि सालीवरच्या सूक्ष्म भेगांतून तासन्‌तास आत शिरत राहतं. वरच्या मेणाने अडवलं असतं, पण देठाजवळ मेणाचा बंदोबस्त ढिला. एक पेशी फुटली की तिचा आंबट रस शेजारणींवर सांडतो आणि त्यांच्या भिंती कमकुवत करतो. चेरीच्या फळांवरच्या प्रयोगांत हे चांगलं दिसलं आहे. चीर मग शिवण उसवावी तशी पुढे सरकते.

मामाला हे सांगितलं तेव्हा तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, "म्हणून आपण ब्लोअर फिरवून पाणी झटकतो." बरोबर. औषध न मारता नुसता वारा मारत फिरायचं, खाचेतला थेंब पाडायला. त्याला नाव माहीत नव्हतं, पण कारण तो माझ्याआधी वापरत होता.

मणी मोठा होतो तोही याच पाण्याच्या दाबाने. थॉमसनमध्ये बी नसतं, आणि मण्याला वाढ म्हणून सांगणारं संप्रेरक एरवी बियांकडून येतं. ते बाहेरून द्यायचं म्हणून घड जीएच्या द्रावणात बुडवतात. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, जपानमध्ये भाताची रोपं शिडशिडीत उंच करून आडवी पाडणाऱ्या एका बुरशीच्या अभ्यासातून पुढे आलेलं. ते भित्तिका सैल करतं. भिंत सैल झाली की आतलं पाणी तिला ताणतं. फुगवण होते ती अशी.

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींना तर भित्तिकाच नाही. शुद्ध पाण्यात टाकल्या की फुगून फुटतात. सलाईनच्या बाटलीत लिटरमागे 9 ग्रॅम मीठ असतं, कमी नाही आणि जास्त नाही, ते यामुळेच.

खतांच्या गोणीवर लिहिलेलं नत्र-स्फुरद-पालाश हेही पेशीच्या आतलंच रसायनशास्त्र आहे, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. नत्र प्रथिनांत आणि डीएनएत जातं. स्फुरद म्हणजे फॉस्फरस. पटलाच्या रेणूच्या त्या पाणीवेड्या डोक्यात तो बसलेला असतो, आणि पेशीचं सुटं चलन जे एटीपी, त्यातही तोच. पालाश कशाचाच भाग होत नाही. तो नुसता विरघळलेला राहतो आणि पाणी धरून ठेवतो. आणि कांद्याला आपण गंधक देतो, त्याची कथा डोळ्यांना ठाऊक आहेच.

कांदा शांत पडलेला असतो तेव्हा त्याचा झणका कुठेच नसतो. पेशीच्या आत आणखी एक पटलाची पिशवी असते, रिक्तिका. तो जांभळा रंग तिच्यातच होता. तिच्यात एक विकर, म्हणजे एन्झाइम, कोंडून ठेवलेलं असतं, आणि गंधकाची संयुगं असतात पिशवीबाहेर, पेशीद्रव्यात. दोघांची भेट होत नाही. सुरी फिरली की पिशव्या फाटतात, भेट होते, आणि त्यातून जो पदार्थ निघतो त्याला दुसरं एक विकर डोळ्यांत पाणी आणणाऱ्या वायूत बदलतं. हे दुसरं विकर 2002 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं. 2013 मध्ये त्यांना इग्नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. कांदा थंड करून कापला तर रडू कमी येतं, कारण थंडीत विकरं मंदावतात. धारदार सुरीने कमी पेशी चिरडतात. आजीची बोथट विळी म्हणजे सगळ्यात वाईट.

निफाडला पारा चार-पाचच्या खाली गेला की बागांत पहाटे शेकोट्या पेटतात, ठिबक सुरू होतं. पेशीतलं पाणी गोठून पसरतं आणि ती फुटते, असं आपण सगळे सांगतो. मीही वर्षानुवर्षं सांगितलं. बहुतेक वेळा घडतं वेगळंच. पेशीच्या आत साखर-क्षार विरघळलेले असल्याने ते पाणी लवकर गोठत नाही. बर्फ आधी बाहेरच्या फटींत धरतो, आणि एकदा धरला की आतलं पाणी बाहेर खेचू लागतो. हिवाने करपलेलं पान खरं तर तहानेने मेलेलं असतं. कांद्यावर मिठाच्या थेंबाने जे केलं, तेच तिथे बर्फाने केलं.

तडकलेल्या घडांना त्या वर्षी व्यापारी आलाच नाही. मामाने बरे मणी निवडून शेडमध्ये बेदाण्याला घातले. पोटॅशियम कार्बोनेट आणि तेलाच्या द्रावणात बुडवलं की मेण सैल होतं आणि पाणी झपाट्याने उडतं. दोन-तीन आठवड्यांत मणी सुरकुतले. वजन चौथ्या हिश्श्यावर आलं, साखर जिथल्या तिथे.

मामीने त्यातले मूठभर मला दिले. रात्री पेल्यात भिजत घातले. सकाळी ते टरारून फुगले होते, जवळजवळ पुन्हा द्राक्षं झाल्यासारखे. पण पेल्यातलं पाणी पिवळसर झालं होतं आणि पिऊन पाहिलं तर गोड लागलं. शेजारच्या पेल्यात ताजे मणी रात्रभर पाण्यात होते, देठासकट. त्या पाण्याला कसलीच चव नव्हती.