ताण आणि वेदना

मनावर किंवा शरीरावर आलेल्या ताणामुळे मेंदूतील वेदनेच्या प्रक्रियेत होणारा बदल. तो दोन उलट दिशांना होतो: अचानक आलेला तीव्र ताण वेदना दाबतो, तर रेंगाळलेला ताण तीच वेदना वाढवतो.

इजेचा संदेश आधी मज्जारज्जूत पोचतो. पातळ आवरणाचे ए-डेल्टा हे चेतातंतू तो सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने नेतात, आवरण नसलेले सी तंतू जेमतेम ०.५ ते २ मीटरने. म्हणून दारात बोट चेमटले की कळ आधी येते आणि ठणका मागाहून. तिथून तो थॅलॅमस या मेंदूतील नाक्यामार्गे वर जातो. कुठे दुखते हे संवेदी बाह्यक (मेंदूच्या बाहेरच्या थरातील स्पर्श ओळखणारा भाग) ठरवते. ते किती छळते, हे मुख्यतः इन्सुला आणि अग्र सिंग्युलेट बाह्यक हे भावनांशी जोडलेले भाग.

मात्र वाहतूक दुतर्फी आहे. मध्यमेंदूतील पेरिॲक्वेडक्टल ग्रे हा भाग लंबमज्जेमार्फत (मेंदूचा मज्जारज्जूला जोडणारा भाग) मज्जारज्जूला आज्ञा धाडतो. १९६९ साली या भागाला विद्युत उद्दीपन देऊन उंदरांवर भुलीच्या औषधाविना पोटाची शस्त्रक्रिया करता आली. लंबमज्जेतील काही पेशी वेदना रोखतात, काही वाढवतात. ताण यांपैकी कोणाला जागे करतो, यावर बरेच अवलंबून असते.

समोर उभ्या संकटात एंडॉर्फिन, एन्केफॅलिन आणि एंडोकॅनाबिनॉइड ही शरीरातच तयार होणारी वेदनाशामक द्रव्ये रोखणाऱ्या बाजूला बळ देतात. याचे उदाहरण म्हणून गोव्यातील शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत निखाऱ्यांवरून जाणारे धोंड (व्रतस्थ भक्त) हमखास पुढे केले जातात. पण निखारे उष्णता सावकाश देतात आणि पाऊल क्षणभरच टेकते, तेव्हा सारे श्रेय मेंदूला देता येत नाही. उलट, दातांच्या डॉक्टरकडे पाळीची वाट बघताना संकट अजून यायचे असते. अशा काळजीत कोलेसिस्टोकायनिन हे द्रव्य एंडॉर्फिनचा परिणाम खोडते आणि साधी सुईही जास्त टोचते.

ताण सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांत रक्तातील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक शिखर गाठते आणि मग स्वतःच स्वतःला लगाम घालते. महिनोन्‌महिने ताण राहिला की हा लगाम ढिला पडतो, ॲमिग्डला हा मेंदूतील भीतीशी निगडित भाग हुळहुळा होतो, झोप मोडते. झोप मोडली की दुखणे वाढते, दुखले की झोप मोडते. ३ महिन्यांहून जास्त टिकलेल्या वेदनेला दीर्घकालीन म्हणतात.

गोव्यातील आरोग्य केंद्रांत असा रुग्ण ‘टेन्शन आहे’ असे सांगत येत नाही. ‘आंग दुखता’ म्हणून येतो. येथील ‘मानस’ चाचणीत (निष्कर्ष २०१०) डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी नैराश्य व चिंतेच्या रुग्णांना ताण आणि शारीरिक तक्रारींचा संबंध समजावून दिला. सरकारी केंद्रांत त्याचा गुण आला, खाजगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही.

उपचार बहुधा पहिल्याच वाक्यात फसतो. ‘सगळे टेन्शनमुळे’ म्हटले की रुग्णाला ‘दुखणे खोटे’ असे ऐकू येते. वेदना खरीच असते, फक्त वेदनेचे संदेश रोखणारी मेंदूतील गाळणी बिघडलेली असते. म्हणून पॅरासिटामॉलचा फारसा उपयोग होत नाही. डॉक्टर रात्री १० ते २५ मिलिग्रॅम ॲमिट्रिप्टिलिन हे मुळात नैराश्यावरचे औषध देतात, ते वरून येणाऱ्या आज्ञांवर काम करते. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि नैराश्याची गोळी समजून अनेकजण ती त्याआधीच सोडतात. व्यायाम दुखण्याच्या नव्हे, घड्याळाच्या मापाने करावा: रोज १० मिनिटे चालणे, मग थोडे थोडे वाढवणे. बऱ्या दिवशी घर झाडून पुसून काढले की पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात.

छातीत दुखणे, पायातील बळ जाणे, लघवी अडणे, ताप किंवा वजन घटणे यांपैकी काही असेल, तर तपासणी होईपर्यंत ताणाचे नाव घेऊ नये.