बँडशेल

बँडशेल : सार्वजनिक बागेत उघड्यावर बँड वाजवण्यासाठी बांधलेला मंच. मागची भिंत वळत वळत वर जाऊन छत होते आणि समोरची बाजू पूर्ण उघडी राहते. शिंपला उघडून उभा ठेवावा तसा आकार दिसतो, म्हणून ‘शेल’. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील लहान गावांत हिरवळ, मोठी झाडे आणि बँडशेल असलेली बाग अनेक ठिकाणी आढळते.

याच्या आधीचा प्रकार म्हणजे बँडस्टँड. उंच जोते, बारीक खांब, वर छत्रीसारखे छप्पर आणि चहूबाजूंनी मोकळीक. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत १८६१ मध्ये उभारलेले बँडस्टँड या घडणीचे आरंभीचे नमुने मानले जातात. पुढे ओतीव लोखंडाचे तयार भाग कारखान्यांच्या सूचिपत्रांतून निवडून मागवता येऊ लागले. अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१–६५) संपल्यावर लष्करी बँडांतून परतलेल्या वादकांमुळे गावोगावी बँड निघाले. न्यायालयाच्या चौकात साधा लाकडी मंच असे. शनिवारी संध्याकाळी आसपासचे शेतकरी खरेदीसाठी गावात येत. त्यांना थांबवून ठेवणारे वादन दुकानदारांनाही हवेच असे, त्यामुळे बँडाच्या खर्चाला तेही हातभार लावत.

बँडस्टँडवरून संगीत चारी दिशांना जाई, पण कोणत्याच बाजूला भरपूर पोचत नसे. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते, आणि तो परतवायला भिंती नसतात. बँडशेलने मागे व वर जाणारा आवाज अडवून श्रोत्यांकडे वळवला. वादकांना एकमेकांचे ऐकू येऊ लागले, हा फायदा माझ्या मते अधिक मोलाचा आहे. बासरीवाल्याला मागचा ट्युबा (खर्जातले मोठे पितळी वाद्य) नीट ऐकू आला नाही, तर ताल सुटायला वेळ लागत नाही. मात्र पृष्ठभाग अगदी गुळगुळीत अंतर्गोल असेल, तर आवाज एकाच जागी गोळा होतो आणि काही बाकांवर कर्कश ऐकू येतो. म्हणून अनेक शेलमध्ये एकात एक बसवलेल्या कमानींच्या पायऱ्या करून हा पृष्ठभाग तोडलेला दिसतो.

श्रोत्यांचे वागणेही बदलले. बँडस्टँडभोवती माणसे फेऱ्या मारत, गप्पा करत ऐकत. बँडशेलसमोर ती ओळीने बसू लागली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १८६२ च्या बँडस्टँडची जागा १९२३ मध्ये नॉमबर्ग बँडशेलने घेतली, तेव्हा हा बदल एकाच बागेत घडला.

पण वास्तू उभी करून बँड टिकत नाही. वादकांचे मानधन, गणवेश, स्वरलिपीचे कागद हा खर्च दरवर्षीचा. आयोवा राज्यातील बँडप्रमुख मेजर जॉर्ज लँडर्स यांनी त्यावर उपाय शोधला. त्यांच्या प्रयत्नांतून १९२१ मध्ये झालेल्या ‘आयोवा बँड कायद्या’ने मतदारांची संमती घेऊन बँडासाठी छोटा कर बसवण्याची मुभा गावांना दिली. रस्ते आणि पाण्याप्रमाणे संगीतही नगरपालिकेने पुरवायची गोष्ट ठरली. या विषयाच्या इतिहासात यापेक्षा धाडसी पाऊल मला दिसत नाही. इतर राज्यांनीही तसे कायदे केले.

आयोवातीलच फोर्ट डॉज गावी १९२० मध्ये कार्ल किंग (१८९१–१९७१) बँडप्रमुख म्हणून आले. त्यापूर्वी त्यांनी सर्कशींच्या बँडांत उमेदवारी केली होती. नव्या कायद्याच्या सन्मानार्थ त्यांनी त्याच नावाची कूच-धून रचली. मंदीच्या काळात बेकारांना काम देणाऱ्या संघीय योजनांतून देशभर बागा, पूल आणि बँडशेल बांधले गेले; फोर्ट डॉजच्या ओलेसन पार्कमधील बँडशेल १९३८ चे.

दूरचित्रवाणी आणि ध्वनिवर्धक आल्यावर अनेक शेल ओस पडले, काही पाडले गेले. जिथे वादन चालू राहिले तिथल्या रीती जुन्याच आहेत. वाऱ्याने उडू नयेत म्हणून स्वरलिपीचे कागद कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी स्टँडला अडकवतात. काही गावांत बागेच्या कडेला गाडीत बसून ऐकणारे, धून संपली की टाळ्यांऐवजी हॉर्न वाजवतात. किंग १९७१ मध्ये मृत्यूपर्यंत फोर्ट डॉजच्या बँडाचे प्रमुख होते. ओलेसन पार्कमधील बँडशेल आज त्यांच्या नावाने ओळखला जातो.